पोट न उघडता

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा लिंफोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, पेशंटचे पाय निळे व्हायचे. तपासणी होती लिम्फॅन्जिओग्राम. लंडनच्या जॉन किन्मंथ यांनी १९५२ च्या सुमारास रूढ केलेली. पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळा रंग टोचायचा. पावलावर रेघा उमटल्या की छोटा छेद घेऊन दोऱ्याएवढी लसिकावाहिनी हुडकायची, तीत बारीक सुई बसवायची आणि तेलकट औषध अगदी हळू सोडायचं. तोवर पेशंटनं हलायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या फिल्मवर पोटातल्या गाठी पांढऱ्या दिसत. लघवी हिरवी-निळी झाली म्हणून घाबरलेल्या पेशंटची समजूतही आम्हीच काढायचो.

हा खटाटोप आजार कुठवर पसरलाय हे कळावं म्हणून. १९७१ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बरच्या परिषदेत चार टप्पे ठरले. एकाच जागच्या गाठी म्हणजे पहिला, श्वासपटलाच्या एका बाजूला दोन किंवा जास्त जागी असतील तर दुसरा, दोन्ही बाजूंना असतील तर तिसरा, आणि यकृत किंवा हाडांच्या मगजात पसरला की चौथा. पण प्लीहेतला आजार फिल्मवर कळत नसे. म्हणून हॉजकिन या लिंफोमाच्या प्रकारातल्या अनेक पेशंटचं पोट उघडून प्लीहा काढत आणि तपासत. साठच्या दशकात स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी रुळवलेली ही पद्धत.

त्याच १९७१ मध्ये ब्रिटिश इंजिनिअर हाऊन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर लंडनला पहिल्या पेशंटचा मेंदू तपासला गेला. पुढे सीटी पोटापर्यंत पोचला आणि निळे पाय व पोटावरचे टाके हळूहळू संपले. सीटीला मात्र गाठीचा आकारच कळे. तिच्यात आजार आहे का, हे नाही. ते पेट स्कॅननं दाखवलं, कारण लिंफोमाच्या पेशी किरणोत्सारी साखर अधाशासारखी ओढतात. त्या साखरेतलं फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे सायक्लोट्रॉन जवळ हवा. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तो २००२ साली आला. टप्पे ठरवण्याच्या २०१४ च्या लुगानो नियमांनी साखर ओढणाऱ्या लिंफोमांसाठी पेट-सीटी पायाभूत ठरवला. हॉजकिनमध्ये मगज तपासण्याची सुईही बहुतेकदा टळली.

एक मात्र सांगून ठेवतो. टीबीच्या गाठीही पेटवर तशाच उजळतात आणि आपल्याकडे टीबी घरोघरी. स्कॅन आजाराचा पसारा सांगतो, निदान गाठीच्या तुकड्यावरच होतं. डॉक्टर बायॉप्सी म्हणाले तर ‘स्कॅन झालाय की’ म्हणून टाळू नका.