'ती गेलीच कशी?' हा प्रश्नच चुकीचा आहे

सोळा वर्षांची मुलगी वेश्याव्यवसायातून सोडवून आणली की वस्तीत पहिला प्रश्न येतो, "ती गेलीच कशी?" माझा प्रश्न वेगळा आहे. नेणाऱ्याला तीच कशी सापडली? याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

जेजुरीच्या खंडोबाला मुरळी आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला जोगतीण म्हणून मुली वाहिल्या जात. त्यांतल्या बऱ्याचशा अस्पृश्य जातींतल्या. कारण नवसाचे किंवा केसांत आलेल्या जटेचे सांगितले जाई. प्रत्यक्षात घरात दारिद्र्य असे आणि मुलगी निर्णय घेण्याच्या वयाची नसे. देवाशी लग्न लागल्यावर तिला नवरा नाही, तिच्या लेकरांना बापाचे नाव नाही. गावातल्या पैसेवाल्यांना ती आयती सापडे. पुढे गिरण्या-गोदीच्या मुंबईत एकटे पुरुष वाढले आणि यातल्या अनेकींची वाट कामाठीपुऱ्याकडे वळली.

याविरुद्ध आवाज आपल्यातूनच उठला. शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळी प्रथेवर हल्ला चढवला. त्यांच्या आवाहनाला शिवूबाई नावाच्या मुरळीने पत्राने उत्तर दिले. पुढे कांबळे यांच्या एका सहकाऱ्याशी तिचे लग्न झाले. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब देवदासी, मुरळ्या, जोगतिणींशी बोलले. हे जिणे सोडा, असे त्यांनी बजावले. काहींना ते भाषण कठोर वाटते. पण त्या बायकांना पापी किंवा बिचाऱ्या न मानता, स्वतःचा निर्णय घेऊ शकणारी माणसे मानून ते बोलत होते.

मात्र प्रौढ बाईला केलेले आवाहन आठ वर्षांच्या मुलीला कसे लागू होईल? तिची जबाबदारी समाजावर आणि शासनावर येते. तिथे आपण कमी पडलो. मुंबई इलाख्यात देवदासी वाहण्याविरुद्ध 1934 मध्ये कायदा झाला. तरी 1982 मध्ये कर्नाटकाला आणि 2005 मध्ये महाराष्ट्राला पुन्हा कायदा करावा लागला. विधीवर बंदी आली, पण जमीन, शाळा आणि मजुरी मिळाली नाही.

आज देवाऐवजी नोकरीचे, लग्नाचे किंवा प्रेमाचे आमिष असते. शिकार मात्र तशीच हेरली जाते. शाळा सुटलेली, घरात मारहाण सोसणारी, कर्जात बुडालेल्या कुटुंबातली, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मागे राहिलेली. मुलगेही यातून सुटत नाहीत. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची 'संमती' धरली जात नाही. वस्ती मात्र अजून मुलीच्या चारित्र्याची चौकशी करते. परत आलेल्या मुलीला घरात जागा नसेल तर दलालाला दुसऱ्यांदा कष्टही पडत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीची यादी करता तशी शाळा सुटलेल्या मुलामुलींचीही यादी करा. संशय आला तर 1098 वर फोन करा. आणि कोणी "ती गेलीच कशी?" म्हणाले तर विचारा, तिची शाळा सुटली तेव्हा आपण कुठे होतो?

जय भीम!