नाव वाचणारं कोणी हवं

मौद्याला बोलावलंत, विषय दिलात 'शहीद जवानांचा सन्मान'. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून आधी शब्दांपाशी थांबतो. 'स्मारक' आणि 'स्मरण' हे दोन शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. स्मारक ही वस्तू आहे, एकदा बांधली की उभी राहते. स्मरण ही क्रिया आहे, ती कोणीतरी करावी लागते आणि दरवर्षी नव्यानं करावी लागते. पहिल्यानं दुसऱ्याचं काम भागत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी माझी कबुली. मी शिकवत होतो त्या कॉलेजच्या वाटेवर एक लहानसा स्मृतिस्तंभ होता. एकदा वर्गात विचारलं, त्यावरचं एक तरी नाव सांगा. कोणालाच येईना. मागच्या बाकावरचा एक पोट्टा म्हणाला, "सर, तुम्हीच सांगा." मलाही सांगता आलं नाही. वीस वर्षं मी त्याच वाटेनं जात होतो.

आपल्याकडे वीरगळाची परंपरा जुनी आहे. महाराष्ट्रात अनेक गावांच्या वेशीवर, देवळाजवळ असे दगड दिसतात. खालच्या चौकटीत लढाई, पुष्कळदा गाई राखताना आलेलं मरण. त्यावर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याही वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत कीर्ती. पण बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेलं नसतं. नाव गावाच्या तोंडी होतं. गाव विसरलं तसं नावही गेलं. चंद्र-सूर्य तेवढे राहिले.

तुम्ही म्हणाल, मग नाव कोरलं की झालं. तर कोरेगावकडे बघा. १ जानेवारी १८१८ ला भीमा नदीकाठी कंपनीचं सैन्य आणि पेशव्यांचं सैन्य लढलं. कंपनीनं तिथे विजयस्तंभ उभारला आणि आपल्याकडच्या मृतांची नावं कोरली. त्यांत बावीस नावं 'नाक'नं संपणारी, म्हणजे महार शिपायांची. नावं दगडात होती, आणि तरीही १८९० नंतरच्या काळात त्याच समाजाची सैन्यभरती बंद झाली. का? इंग्रज सरकारनं स्तंभ आपल्या विजयासाठी बांधला होता. नावं वाचणं त्याच्या सोयीचं राहिलं नव्हतं.

ती नावं समाजानं वाचली. शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी सरकारकडे अर्ज केले, स्तंभापाशी सभा घेतल्या. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तिची दुसरी बटालियन कुठे उभारली, माहीत आहे? कामठीला! म्हणजे तुमच्या याच कन्हान नदीच्या काठी, थोडं वरच्या अंगाला. आणि रेजिमेंटच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोणती खूण होती? कोरेगावचा स्तंभ. सव्वाशे वर्षं उभा असलेला दगड जवानाच्या टोपीवर आला, कारण मधल्या काळात माणसं तिथे जात राहिली.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. "सर, ते तर कंपनीकडून लढले." बरोबर आहे. पण शिपायाला मान देणं म्हणजे त्याच्या धन्याच्या राज्याला मान देणं नव्हे. हा फरक करता आला नाही, तर आपल्याला निम्मे मृत कायम नाकारावे लागतील. दुसरी बाजूही जवळच आहे. कोरेगावच्या आधी जेमतेम पाच आठवडे, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली. तिथे नागपूरकर भोसल्यांचं सैन्य कंपनीविरुद्ध लढलं. त्या किल्ल्यात आज ब्रिटिश सैनिकांच्या कबरी दिसतात. भोसल्यांच्या बाजूनं पडलेल्यांपैकी एक तरी नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? ते तर आपल्याच भागातले लोक होते.

आता जरा दूरचं उदाहरण. बेल्जियममध्ये ईप्र नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांचे देहही सापडले नाहीत अशा ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथल्या कमानीवर आहेत. त्यांत आपले हिंदी जवानही आहेत. १९२८ पासून तिथे रोज संध्याकाळी आठ वाजता बिगूल वाजतो. वाजवतात कोण? गावच्या अग्निशमन दलातली माणसं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतलं तेव्हा खंड पडला, आणि १९४४ मध्ये गाव सुटलं त्याच संध्याकाळी बिगूल पुन्हा वाजला. ज्यांच्यासाठी वाजतो त्यांतले बहुतेक त्या गावचे नव्हेत. गावानं ते काम आपलं मानलं, एवढंच.

आता आपल्याकडे या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत देशभर गावोगावी शिलाफलक लागले. चांगलं झालं, दगड आला. पण पुढची वीस वर्षं तो वाचणार कोण? वीरमातेला, वीरपत्नीला आपण १५ ऑगस्टला खुर्ची देतो, शाल देतो, फोटो काढतो. १६ तारखेला तिच्या दारात कोण जातं? सातबाऱ्याचं काम अडलं, पेन्शनचा कागद अडला, तर सोबत कोण येतं? माझ्या मते खरा सन्मान तिथे सुरू होतो.

म्हणून एक लहान काम सुचवतो. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. त्या दिवशी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं एकच नाव घ्यावं. दोन मुलांनी त्या घरी जावं, पाणी प्यावं, आईला विचारावं की तो लहानपणी कसा होता, काय खायचा, कोणाशी भांडायचा. एक पान लिहावं आणि गावासमोर मोठ्यानं वाचावं. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलांनी तेच पान वाचून त्यात भर घालावी. याला निधी लागत नाही, फक्त दरवर्षी करावं लागतं.

त्या पोट्ट्याला मी दुसऱ्या दिवशी स्तंभावरची सगळी नावं वाचून दाखवली. पण त्यासाठी आधी त्यानं मला विचारावं लागलं. तुमच्या गावातल्या मुलांना असं विचारू द्या.