विलायतेच्या वाटेवरचा करारनामा

१९४१ च्या फेब्रुवारीत, २२ आणि २३ तारखांना, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे गावी महार-मांग वतनदारांची परिषद भरली. तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले आणि गावकऱ्यांनी त्यांची बैलगाडीतून मिरवणूक काढली. न्यूयॉर्क आणि लंडन येथे अर्थशास्त्राच्या पदव्या मिळविलेला माणूस आपल्या शिवारातून बैलगाडीने जातो आहे, आणि तो आपल्यातलाच आहे, याचे अप्रूप त्या लोकांना किती वाटले असेल!

हल्ली विद्यापीठांतून परदेशी शिक्षणाचे मेळावे भरतात. कोणत्या देशात काय शिकावे, परीक्षा कोणती द्यावी, पुढे नोकरी कुठे मिळेल, हे सारे तिथे नीट समजावून देतात. दिवाळीच्या फराळालाही हा विषय निघतोच. नातू रंगात येऊन सांगत असतो आणि आजी मध्येच विचारते, “अरे, पण पैसे कोण भरणार?” आम्हाला तर आजीचाच प्रश्न मुद्द्याचा वाटतो. आंबेडकरांची हकीकत तरी याच प्रश्नाभोवती फिरते.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्याबद्दल करारनामा झाला : परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१५ मध्ये एम. ए. झाले आणि पुढच्या वर्षी लंडनला गेले. तेथील अभ्यास ऐन भरात असताना मुदत संपली. १९१७ मध्ये परतावे लागले. महायुद्धाचे दिवस, त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली. गंमत अशी, की गाठीला पैसा नसताना त्या सामानाच्या भरपाईतूनच बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला.

बडोद्यात मात्र राहायला जागा कोणी देईना. नाव लपवून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कचेरीत कागद हाती घेणारा अधिकारी, पण रात्रीपुरते छप्पर नाही! आपले सामान घेऊन ते पाच तास सार्वजनिक बागेत बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाले. करारनाम्यात दहा वर्षांच्या नोकरीचे कलम होते, बिऱ्हाडाचे नव्हते. महाराजांचे औदार्य खरेच थोर, पण शिष्यवृत्ती देणाऱ्याचा हुकूम त्याच्याच राजधानीतल्या घरमालकांपर्यंत पोहोचला नाही, हेही तितकेच खरे.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर.

धाराशिवच्या मुलाची वाट त्याहून अडचणीची. जिल्हा निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले, पण माध्यम उर्दू. म्हणजे घरी मराठी, हैदराबादेस उर्दू आणि विलायतेस जायचे तर इंग्रजी. मुलखाबाहेर पडण्याआधीच भाषेच्या दोन वेशी ओलांडायच्या! सरोजिनी नायडूंसारख्या हैदराबादच्या मुलीला निजामाची शिष्यवृत्ती मिळून १८९५ मध्ये इंग्लंड दिसले. धाराशिवच्या शेतमजुराच्या पोराला हैदराबादच दूर.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात असताना आंबेडकरांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळविल्या, त्यांत परदेशी शिक्षणाचीही सोय होती. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले तेथे वसतिगृहात राहून शिकली. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. पुढे त्याचे उपकेंद्र धाराशिवलाही झाले.

आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या निवडक विद्यार्थ्यांना तीतून शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे मिळते. आजीला हे सांगितले, तर ती बहुधा पुढचा प्रश्न विचारील : “आणि परत आल्यावर तो राहायचा कुठे?”