चौकोनाची अनियत स्थिती

समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंच्या बेरजेची निमपट गुणिले उंची, हे सूत्र शाळा सोडून कितीही वर्षे लोटली तरी बहुतेकांच्या जिभेवर असते. आयत, चौरस, समांतरभुज, समभुज, समलंब अशी एक बिरुदावली आम्ही आठवी-नववीत घोकली आणि प्रत्येक बिरुदामागे त्याचे सूत्र. पण ज्याला कोणतेच बिरुद नाही, ज्याच्या चारही बाजू वेगवेगळ्या आहेत, अशा सामान्य चौकोनाचे केवळ चार बाजूंवरून क्षेत्रफळ काय, हे आम्ही कधी विचारले नाही. ते बरेच झाले म्हणायचे. बाराव्या शतकातील एका ग्रंथकाराच्या मते असा प्रश्न विचारणारा पिशाच असतो आणि त्याचे उत्तर देणारा त्याहूनही मोठा पिशाच!

हा ग्रंथकार म्हणजे भास्कराचार्य (जन्म इ. स. १११४) आणि ग्रंथ 'लीलावती' (११५०). एरवी वाचकाशी लडिवाळपणे बोलणारा हा लेखक चौकोनापाशी येऊन एवढा का संतापतो, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याची एक युक्ती फार पुरातन आहे. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यावी आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करावा. ईजिप्तमधील एडफूच्या होरस-मंदिराच्या भिंतीवर, टॉलेमी घराण्याच्या काळात, देवाला दान दिलेल्या जमिनींची मोजणी याच रीतीने कोरलेली आहे. तेथे त्रिकोणी शेतालाही चौथी बाजू 'काही नाही' अशी मानून तोच हिशेब लावला आहे. युक्ती सोयीची खरी. साखळी किंवा काठी घेऊन बांधावरून चालत जायचे; शेतात पाऊल टाकायला नको, कर्ण मोजायला नको. दोष एवढाच, की ही रीत प्रत्येक कोपरा काटकोनी असल्यासारखा हिशेब करते. शेत आयताकृती असेल तरच उत्तर बरोबर. एरवी ते खऱ्याहून नेहमी जास्तच येते, कमी कधीच नाही. चूक दोन्ही बाजूंना झुकत असती तर तिला अज्ञान म्हणता आले असते. ज्या राज्यात या रीतीने सारा ठरत असेल तेथील कुणब्याने अस्तित्वात नसलेल्या जमिनीचा सारा भरला असणार, हे सांगायला फार विद्वत्ता लागत नाही.

भिल्लमालच्या ब्रह्मगुप्ताला हा दोष ठाऊक होता. 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त (६२८) तो ही जुनी रीत देतो, पण तिला 'स्थूल' म्हणतो. पाठोपाठ 'सूक्ष्म' रीत सांगतो: चारही बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यातून एकेक बाजू वजा करावी, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्यावे. देखणे सूत्र आहे. मात्र ते कोणत्या चौकोनाला लागू पडते, हे तो सांगत नाही.

पाचशे वर्षांनी भास्कराचार्यांनी नेमके येथे बोट ठेवले. तेच सूत्र ते नोंदवतात आणि बजावतात, की त्रिकोणात हे स्पष्ट, चौकोनात अस्पष्ट. मग एक खोचक उदाहरण घालतात. भूमी १४, मुख ९, दोन भुजा १३ आणि १२, लंबही १२; सांगा, पूर्वसूरींनी सांगितलेल्या रीतीने क्षेत्रफळ किती? सूत्राने येते १९८०० चे वर्गमूळ, म्हणजे १४१ हून किंचित कमी. खरे उत्तर, शाळेतल्या त्याच समलंबाच्या सूत्राने, १३८. (एडफूच्या मोजणीदाराने १४३.७५ सांगितले असते.) एकच शेत, तीन उत्तरे!

कारण सांगताना आचार्य जणू चौकोन हातात धरून दाखवतात. समोरासमोरचे दोन कोपरे आत दाबा: त्यांना जोडणारा कर्ण आखडतो, उरलेले कोपरे बाहेर सरकतात आणि दुसरा कर्ण लांबतो. बाजू मात्र त्याच राहतात. त्रिकोणाचे असे होत नाही, तीन बाजू ठरल्या की तो ठरला. २५ च्या चार बाजूंचा चौकोन घ्या. कर्ण समान असतील तर क्षेत्रफळ ६२५. कर्ण ३० आणि ४० असतील तर ६००. १४ आणि ४८ असतील तर अवघे ३३६. चौकोनाची स्थितीच 'अनियत', मग फळ नियत कोठून येणार? म्हणून एखादा कर्ण किंवा लंब सांगितल्याशिवाय विचारणाऱ्याला पिशाचपद! गणिताच्या ग्रंथात एखाद्या उत्तराला चूक म्हणणे नित्याचे. येथे प्रश्नालाच चूक ठरवले आहे, आणि आम्हांला त्याचे अधिक मोल वाटते.

तरीही साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे जरा थबकावे. ब्रह्मगुप्ताचे सूत्र वर्तुळात बसणाऱ्या, म्हणजे चक्रीय, चौकोनाला तंतोतंत लागू पडते. २५ बाजूंच्या समभुजांपैकी एकटा चौरसच वर्तुळात बसतो, आणि सूत्राचे उत्तरही ६२५ हेच आहे. ब्रह्मगुप्ताने अट लिहिली नाही हे खरे. पण त्याच अध्यायात पुढे तो 'हृदयरज्जू', म्हणजे आकृतीभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या, काढायला शिकवतो. वर्तुळ त्याच्या मनात होते, श्लोकात उतरले नाही. भास्कराचार्यांनी श्लोक वाचला आणि त्याच्या शेजारचा संदर्भ सोडून दिला, असे आमचे मत आहे. त्यांची टीका निर्दोष आहे, वाचन नाही. केरळात ज्येष्ठदेवाने सोळाव्या शतकात मलयाळम् भाषेतील 'युक्तिभाषे'त वर्तुळातील चौकोन म्हणूनच या सूत्राची उपपत्ती दिली, तेव्हा ब्रह्मगुप्ताला न्याय मिळाला.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्याने मठ स्थापला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेल्या तेथील शिलालेखात शके ११२८ मध्ये निकुंभ घराण्यातील सोइदेवाने मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पेठेत येणाऱ्या मालावरचे राउळाचे उत्पन्न त्यात मठाला लावून दिले आहे. आचार्यांचा पिशाच याच मठात विद्यार्थ्यांनी पाठ केला असणार. आणि बाहेर गावात, पाटणच्या शिवारातले बांध कोणी तरी काठीने मोजत असेल.