टिळकांचा बाप्तिस्मा आणि लक्ष्मीबाईंचं पाणी

आजच्या भागाचा विषय आहे श्रद्धेसाठी सुख सोडणं. ख्रिस्ती प्रवचनांत हा विषय निघाला की बहुतेक वेळा रोमन काळातले हुतात्मे आणि सिंहांचे आखाडे येतात. आपण इतकं लांब जायचं नाहीये. आपण अहमदनगर जिल्ह्यात जाणार आहोत, एका घरातल्या पाण्याच्या हंड्यापाशी.

नारायण वामन टिळक हे नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. फुलांचे, मुलांचे कवी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्म, चित्पावन घर, संस्कृतचा दांडगा अभ्यास. एक नोकरी धरायची, दुसरी सोडायची, असा स्वभाव. नागपूरकडून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या आणि त्याने नवा करार हातात ठेवला. पुढे वाचन, वाद, मनातली घालमेल, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. बायकोला न सांगता. मुलगा दत्तू तेव्हा तीन-चार वर्षांचा.

इथे थोडं थांबू या, कारण त्या काळात बाप्तिस्मा म्हणजे नेमकं काय गमावणं होतं हे नीट कळल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहील. मालमत्तेची भीती तेवढी नव्हती. धर्म बदलला म्हणून वारसा जाणार नाही असा कायदा १८५० मध्येच झाला होता. पण कायदा विहिरीवर उभा राहत नाही, पंगतीत पान मांडत नाही. आणि परतीची वाट? १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला कोर्टाने मिशनऱ्यांकडून काढून बापाच्या ताब्यात दिलं. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, फक्त त्यांच्यात राहणं-जेवणं झालं होतं. तरी त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं म्हटल्यावर बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी केवढा झगडा करावा लागला! आम्ही सॉफ्टवेअरवाले कुठलाही बदल करताना तो उलटा फिरवायची सोय आधी करून ठेवतो. टिळकांनी जे केलं त्याला तशी सोय नव्हती.

लूकच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की आईबाप, बायकामुलं यांच्याहून मी मोठा वाटत नसेन तर माझ्यामागे येऊ नका. टिळकांनी हे अक्षरशः घेतलं असं म्हणता येईल. पण खरं सांगू का, मला इथे दरवेळी अडखळायला होतं. कारण किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. लक्ष्मीबाईंनी काहीच निवडलं नव्हतं, आणि तरी नवरा जिवंत असताना नवऱ्याविना राहायची वेळ त्यांच्यावर आली. नातलगांच्या आधाराने, बराच काळ पंढरपुरात. पदरात मूल, आणि आजूबाजूला लोकांची तोंडं. निर्णय त्याचा आणि भोगणं तिचं, याला नुसतं 'धाडस' म्हणून टाळ्या वाजवायला माझे हात उचलत नाहीत.

मात्र टिळकांच्या बाजूची एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १८६६ चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर ख्रिस्ती झालेल्या माणसाला कोर्टात जाता येत होतं, आणि जोडीदार शेवटपर्यंत नाहीच म्हणाला तर लग्न मोडून दुसरं करता येत होतं. म्हणजे सुटसुटीत नवा संसार थाटायची वाट सरकारनेच आखून ठेवली होती. टिळकांनी ती धरली नाही. ते वाट बघत राहिले. माझ्या मते बाप्तिस्म्याच्या एका दिवसापेक्षा ही काही वर्षं जास्त अवघड असणार.

लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या, पण नवऱ्याच्या धर्मात नाही, फक्त नवऱ्याकडे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी ते चालू दिलं. हे सोवळं म्हणजे काय होतं, ते त्यांच्या माहेरात पाहायला हवं. त्यांचे वडील नाना गोखले धान्यच काय, मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायला लावायचे. मीठ धुतल्यावर उरत किती असेल, असा प्रश्न 'स्मृतिचित्रे' वाचताना पडतो आणि हसू येतं. बाई लिहितातही तशाच, हसत हसत. पण त्या हसण्याखाली भीती आहे. विटाळाची भीती लहानपणापासून अंगात भिनली की ती विचाराने जात नाही. पोटात ढवळतं, त्याला तुम्ही काय समजावणार?

आणि नगर जिल्ह्यातली मंडळी म्हणजे चर्च कोणाचं होतं? बहुसंख्येने महार आणि मांग कुटुंबांमधून आलेल्या लोकांचं. तेव्हा लक्ष्मीबाईंपुढचा प्रश्न त्रैक्याचा वगैरे नव्हताच. यांच्या हातचं पाणी मी पिणार का, एवढाच होता. (आणि त्या लोकांनीही ख्रिस्ती होताना गावातलं बलुतं आणि आधार पणाला लावलेच होते. त्यांची 'स्मृतिचित्रे' कोणी लिहून ठेवली नाहीत, ही आपल्या इतिहासातली मोठी फट आहे.)

राहुरीला असताना एके दिवशी त्यांच्या मनात आलं, की ही जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसामाणसांत तसा फरक दिसला असता. तो दिसत नाही. म्हणजे माणसाने केली. बस्स, मग कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी हंडा बाटला, मग डोक्यावर पाणी पडलं. टिळकांचं पुस्तकातून सुरू झालं, बाईंचं चुलीपासून.

टिळकांची दुसरी गोष्ट थोडक्यात सांगतो, ती अनेकांना माहीत नसते. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांना मिशनचं काम, पगार आणि मान मिळाला. 'ज्ञानोदय'चं संपादन केलं, कीर्तनं केली, आणि मराठी चर्चमध्ये आजही गायली जाणारी असंख्य गीतं लिहिली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. पण जिथे पोहोचले ती जागा हळूहळू उबदार झाली. परदेशी संस्था, ठरलेला पगार, मिशनच्या हातातलं चर्च. १९१७ साली त्यांनी हा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. जातीचं सुख सोडलं तेव्हा मिशनरी खूश झाले होते. मिशनचं सुख सोडल्यावर तितके झाले नसावेत, हा आपला माझा अंदाज.

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ ला टिळक गेले. त्यांनी येशूचं चरित्र सांगणारं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य हाती घेतलं होतं, त्याचे दहा-अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंना धड शाळा मिळालेली नव्हती, जोडाक्षरांशी त्यांची आयुष्यभर झटापट चाललेली. पुढचे साठाहून जास्त अध्याय त्यांनी लिहिले.