चेतामुळांचे एमआरआय चित्रण (कटिनलिका-संकोचातील)

कंबरेच्या मणक्यांमधील नलिका अरुंद झाली की तिच्यातील चेतामुळांत होणारे बदल दाखवणारी तपासणी. डच मेंदूशल्यविशारद हेंक व्हर्बीस्ट यांनी १९५४ मध्ये नलिका अरुंद होण्याच्या या विकाराचे, म्हणजे कटिनलिका-संकोचाचे, सविस्तर वर्णन केले. उभे राहिल्यावर, चालताना पाय दुखतात, बधिर होतात. बसले किंवा पुढे वाकले की आराम पडतो.

एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रात मेरुद्रव पांढराशुभ्र, तर चेतामुळे काळपट ठिपक्यांसारखी दिसतात. निरोगी व्यक्ती उताणी झोपली की ही मुळे पाठीच्या बाजूला खाली बसतात. तीव्र संकोचात दाटीमुळे ती तशी बसत नाहीत. हे ‘अवसादन चिन्ह’ २०१० मध्ये मांडले गेले.

काही रुग्णांत अरुंद जागेच्या वर मुळे लांबून नागमोडी होतात.

चित्रातील संकोच आणि प्रत्यक्ष त्रास यांचा मेळ नेहमी बसत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय लक्षणे व शारीरिक तपासणी जोडीला घेऊनच होतो.