वार्धक्यातील विकार
साठीनंतर हळूहळू जडणारे, बहुधा एकमेकांना जोडून येणारे आजार. डोळ्यातील भिंग गढुळले की मोतीबिंदू होतो : नजर धूसर होते, रात्री दिव्याभोवती वलये दिसतात. थेंबांनी तो जात नाही. शस्त्रक्रियेने कृत्रिम भिंग बसवावे लागते. गुडघ्यातील कूर्चा झिजली की जिना उतरताना कळ येते. उसाच्या फडात जन्म गेलेल्यांना उकिडवे बसणेही जड जाते. उच्च रक्तदाब (140/90 किंवा अधिक) बहुधा मुकाट वाढतो. कोल्हापुरात दोष तांबड्या रश्श्याच्या तिखटावर ढकलला जातो. खरा गुन्हेगार मीठ, आणि ते लोणच्या-पापडातही भरपूर असते. हाडे ठिसूळ झाल्यावर साध्या घसरण्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. रात्री लघवीसाठी झटकन उठल्यास रक्तदाब उतरून घेरी येते, म्हणून क्षणभर पलंगाच्या काठावर बसून मग उभे राहावे. विसराळूपणा ‘वयाचा’ म्हणून सोडून देऊ नये. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड असल्यास तो उपचारांनी सुधारू शकतो. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये सुरू झाला. कोल्हापुरातील मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे सीपीआर, लोकांच्या तोंडी ‘थोरला दवाखाना’. तपासणीला जाताना चालू औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.